तिवरपाडा रिकामा झाल्याची बातमी

पालघर तालुक्याचा वार्ताहर म्हणून मी सव्वीस वर्षे बातम्या पाठवल्या. त्यांतल्या बहुतेक खऱ्या होत्या. ज्या नव्हत्या त्यांपैकी काही दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाल्या आणि काही कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. एक मात्र चार वर्षे सरकारी फायलीत पुरावा म्हणून राहिली. दिवाळी अंकात निवृत्त वार्ताहराने गाजलेले घोटाळे आणि मोठ्या माणसांच्या भेटी सांगाव्यात अशी रीत आहे. माझ्याकडे दोन्ही फारसे नाही. म्हणून त्या एका बातमीची हकीकत देतो. ती चार कॉलम होती, फोटोसह.

तालुका वार्ताहर म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला थोडे सांगितले पाहिजे. त्याला ओळखपत्र असते, टेबल नसते. सकाळी पोलीस ठाणे, मग तहसील कचेरी, मग जिथून फोन येईल तिथे. जे हाती लागेल ते लिहून दुपारपर्यंत पाठवायचे, कारण जिल्ह्याचे पान सर्वांत आधी सुटते. पान सुटणे म्हणजे छपाईला जाणे. मुंबईची बातमी रात्री उशिरापर्यंत घेतली जाई. पालघरमध्ये जे काय घडायचे ते चारच्या आत घडावे, अशी आमच्या दैनिकाची अपेक्षा होती. मनोरजवळ हायवेवर ट्रक उलटला की मी आधी घड्याळ बघत असे आणि मग ट्रक.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची. सफाळ्याचे एक गृहस्थ दर वर्षी आपल्या भाताची लोंबी पट्टीने मोजून बातमी द्यायला येत. मनोरहून आठवड्यातून एकदा बिबट्या दिसल्याचा फोन येई. त्या बिबट्याने आजवर कोणाला काही केलेले नाही, पण माझ्या दुपारी बऱ्याच खाल्ल्या. एक निवृत्त मास्तर स्वतःच्या निधनाची बातमी आधीच लिहून घेऊन आले होते, कारण मुलगा शुद्धलेखनात कच्चा होता. ती बातमी अजून माझ्याकडे आहे. मास्तरही आहेत.

अशा कामात माणसाला एक सवय लागते. अर्धे बघून उरलेले अंदाजाने लिहायचे. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, आणि त्यालाच आम्ही अनुभव म्हणतो.

तिवरपाडा बोईसरच्या पश्चिमेला, खाडीच्या एका फाट्यावर होता. एक्केचाळीस घरे. कुडाच्या भिंती, काहींवर कौले, काहींवर पत्रे. इथल्या लोकांचे आजे जव्हारकडच्या डोंगरातून मिठागरावर कामाला आले. मिठागर बंद पडले, मालक गेला, माणसे राहिली. बांधाच्या आतल्या तुकड्यांवर पावसाळी भात, खाडीत चिंबोऱ्या म्हणजे खेकडे आणि निवट्या मासे, आणि उरलेले महिने बोईसरच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली काम. जमीन सरकारी. पाड्यावर जायला एकच रस्ता, बांधावरून जाणारा, आणि मधे एका सखल जागी सिमेंटची फरशी, जिच्यावरून ओहोळ ओलांडायचा.

आदेश आला तो असा: वस्ती उधाणाच्या पाण्याच्या टप्प्यात असून धोकादायक आहे, सबब ती हलवावी. नवीन जागा मनोरच्या पलीकडे, एका माळावर दिली होती. खाडीकाठाने एक रस्ता आखलेला होता आणि तो बरोबर पाड्यावरून जात होता, ही गोष्ट आदेशात नव्हती, नकाशात होती. पाड्यावरच्या लोकांनी माळ बघून घेतला. तिथे खाडी नव्हती, बोईसर नव्हते, आणि विहीरही नव्हती.

पाड्याच्या वतीने बोलत असे ती लखमीबाय. साठीच्या आसपासची, अंगाने बारीक, बोईसरच्या बाजारात चिंबोऱ्या विकणारी. तिला वाचता येत नसे. आलेला प्रत्येक कागद तिचा जावई देवजी तिला दोनदा वाचून दाखवी. दुसऱ्यांदा ऐकताना ती डोळे मिटून घेत असे. माळाबद्दल तिचे मत तिने मला पहिल्याच भेटीत दिले.

‘‘हितं आमी पान्यात बुडू म्हनतात. तिथं बुडायचा भ्याव नाय, ते खरा हाय. पानीच नाय.’’

आदेशाची अंमलबजावणी सर्कलकडे होती. सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी. हे सर्कल सोलापूरकडचे होते, नेमणुकीला सहा महिने झालेले, सरळ आणि थोडे घाईचे. कुठल्या कचेरीतले ते सांगत नाही. त्यांनी पाड्याला तीन खेपा घातल्या आणि तिन्ही वेळा मला फोन केला, कारण काम झाल्याचे छापून आले की वरचे अधिकारी खूश होत.

पहिल्या खेपेला ते नोटिसा घेऊन गेले. नोटिशीवर ज्यांची नावे होती त्यांतला एकही घरी सापडला नाही, आणि पाड्यावर माणसे मात्र भरपूर होती. सर्कलनी एकाला त्याचे नाव विचारले. त्याने शेजाऱ्याकडे बघितले. शेजारी म्हणाला, हा मुका हाय. थोड्या वेळाने तो मुका कोंबडीवर ओरडला, तेव्हा शेजाऱ्याने सांगितले की हा फक्त सरकारपुढे मुका असतो. सर्कलसाहेब हसले, हे त्यांच्याबद्दल चांगले सांगण्यासारखे आहे. नोटिसा दारांना चिकटवून ते परत आले.

दुसऱ्या खेपेला देवाचा प्रश्न निघाला. पाड्याचा देव म्हणजे एका जांभळीखालचा शेंदूर लावलेला दगड. पाडा हलायचा तर देवाला विचारले पाहिजे. सर्कलना वरून सूचना होती की कोणाच्या भावना दुखवू नका, म्हणून ते जांभळीखाली बसले. देवाचा कौल लावणाऱ्या पाड्याच्या भगताने पानावर तांदूळ टाकले, बराच वेळ बघितले, आणि सांगितले की देव यायला तयार आहे, पण आधी तिकडचे पाणी चाखून बघेन म्हणतो. मागणी रास्त होती. तिसऱ्या दिवशी सर्कल माळावरून पाण्याची बाटली घेऊन आले. मे महिना होता. माळावर पाणी कुठून असणार, त्यांनी ते टँकरचे भरले होते. भगताने थोडे दगडावर शिंपडले आणि पुन्हा तांदूळ टाकले. देवाने टँकर ओळखला.

ही बातमी मी पाठवली नाही. पाठवायला हवी होती. तेव्हा ती मला किरकोळ वाटली, आणि सर्कलनीही हात जोडले.

तिसऱ्या खेपेच्या आधी लखमीबाय स्वतः कचेरीत गेली. आमचा विरोध संपला, असे तिने सांगितले. माणसे थकली आहेत, देवालाही समजावले आहे. फक्त दिवस तेवढा आमच्या मनासारखा द्या. देव अमावास्येला हलवला तर बरा.

सर्कलना आनंद झाला. त्यांनी अमावास्येची तारीख घातली, ‘रहिवाशांच्या सहमतीने’ असे शब्द लिहिले, पोलीस बंदोबस्त मागवला, दोन टेम्पो आणि एक जेसीबी ठरवला. मीही ‘तिवरपाड्याचा प्रश्न सामोपचाराने मिटला’ अशी दोन कॉलमी बातमी दिली. ज्या आदेशात उधाणाचा धोका लिहिला होता तो आदेश हातात घेऊन आम्ही सगळे उधाणाचा दिवस पक्का करत होतो, हे सोलापूरच्या माणसाच्या लक्षात आले नाही ते समजण्यासारखे आहे. मी सफाळ्याचा. खाडीकाठची अमावास्या म्हणजे काय ते मला शाळेत जाण्याआधीपासून माहीत होते.

त्या दिवशी सकाळी नऊला मी पाड्यावर पोचलो. इतकी सहकार्य करणारी वस्ती मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. बायका भांडी बाहेर आणत होत्या, पुरुष खाटा उचलून टेम्पोत चढवत होते. पोलिसांना बसायला सावली करून दिली होती. एकच अट होती: देव सगळ्यात शेवटी उठणार, आणि देव उठल्याशिवाय घराला हात लावायचा नाही. सर्कलनी ती मान्य केली. जेसीबी जांभळीपासून लांब उभा राहिला.

साडेअकराला घरे रिकामी होती. मी आत डोकावून बघितले. चूलसुद्धा गार होती. लखमीबाय माझ्या मागे आली आणि म्हणाली की फोटो काढा, दार उघडं ठेवून काढा, आत काय नाय ते दिसलं पायजे. मी काढला. चांगला आला.

‘‘झालं आता,’’ सर्कल म्हणाले. ‘‘अर्ध्या तासात देव उचलतो आणि जेसीबी लावतो. लिहा की हो बिनधास्त.’’

पाड्यावर मोबाइलला रेंज नव्हती, बातमी बोईसरला जाऊनच पाठवावी लागे. दोन वाजता तिथे एका सभागृहाचे उद्घाटन होते, तेही त्याच पानाला हवे होते. मी मोटरसायकलवरून निघालो. फरशीवर तेव्हा पाण्याचा पातळ थर आला होता. चाकाने ते बाजूला उडाले, एवढे आठवते. एक वाजता मी बोईसरच्या एका हॉटेलात बसून बातमी पाठवली. तिवरपाडा रिकामा, एक्केचाळीस कुटुंबांचे शांततेत स्थलांतर. जिल्ह्याच्या पानाचे उपसंपादक, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, त्यांनी फोटो बघून चार कॉलम दिले.

पुढचे मला दोन दिवसांनी देवजीने सांगितले, आणि बरेच महिन्यांनी खुद्द सर्कलनी. दोघांच्या हकिकती जुळतात, म्हणून देतो.

बाराला फरशी पाण्याखाली गेली. देव उचलण्यासाठी भगताला आंघोळ करायची होती आणि ती त्याने सावकाश केली. तोवर फरशीवर गुडघाभर पाणी झाले. टेम्पोवाल्यांनी बघितले आणि इंजिने बंद केली. जेसीबीचा ड्रायव्हर गोरखपूरकडचा होता. सर्कलनी त्याला आता घरे तरी पाडायला घे म्हटले, तर त्याचे लक्ष पाण्याकडे. ‘‘साहब, पानी इधर आया तो मशीन किधर ले जाऊँ? खारा पानी है, सेठ मुझे ही बेच देगा।’’ त्याने मशीन चढावर नेऊन ठेवले आणि तिथेच झोपला.

तर पाड्यावर एक सर्कल, एक तलाठी, बारा पोलीस, दोन टेम्पोवाले आणि एक झोपलेला ड्रायव्हर असे अडकले. पाणी तीनशिवाय उतरणार नव्हते. लखमीबायला त्यांची दया आली. पावन्यांना उपाशी कसं ठेवायचं, असे म्हणून तिने टेम्पोतून एक टोप उतरवायला लावला. भात एका टोपात होईना म्हणून दुसरा. टोप आले तर तांदळाचा डबा लागला, डबा आला तर पाटा-वरवंटा. बसायला खाटा. पोलिसांपैकी एकाला झोप येत होती म्हणून गोधडी. चिंबोऱ्यांचे कालवण झाले. सर्कल दोनदा जेवले; हे त्यांनीच सांगितले, आणि सांगताना मान खाली घातली नाही. चूल पेटलेल्या घरात मग बाकीचे सामानही आपापले गेले. साडेतीनला फरशी उघडी पडली तेव्हा दोन्ही टेम्पोंत मिळून एक लोखंडी कपाट आणि एक कोंबड्यांचे खुराडे उरले होते. बंदोबस्ताला संध्याकाळी दुसरीकडे हजर व्हायचे होते. ते निघाले, त्यांच्यामागे बाकीचे निघाले. जाण्याआधी कपाट टेम्पोवाल्यांनी उतरवले, खुराडे मात्र एका पोलिसाने उतरवून दिले.

आणि चारला आमचे पान सुटले.

दोन दिवसांनी देवजी पालघरला माझ्या घरी आला. त्याच्याबरोबर लखमीबाय, तिच्या हातात पिशवी, पिशवीत पाय बांधलेल्या चिंबोऱ्या. मला वाटले भांडायला आली आहेत. मी म्हणालो की चूक झाली, उद्याच खुलासा छापतो. खुलासा म्हणजे आमच्या धंद्यातली माफी. तीन ओळींत मागतात.

लखमीबायने पिशवी खाली ठेवली. ‘‘भाऊ, खुलासा नको. तुमी लिवलाय ते चांगला लिवलाय.’’

मग देवजीने कचेरीत ऐकून आलेले समजावून सांगितले. सर्कलसाहेबांनी आपली फजिती वर कळवली नव्हती. त्यांनी वस्ती हलवल्याचा अहवाल दिला होता आणि पंचनाम्याच्या जागी माझ्या बातमीचे कात्रण लावले होते. फाइल बंद झाली. आता कागदावर पाडा रिकामा होता, आणि रिकाम्या पाड्यावर जेसीबी कोण पाठवणार?

मी नानांना फोन केला. ते म्हणाले की खुलासा छापला तर परवा जेसीबी परत जाईल, ती एक्केचाळीस घरे तू पाडशील का? मी नाही म्हणालो. मग राहू दे, ते म्हणाले. चिंबोऱ्या चांगल्या होत्या. इथे हे नोंदवले पाहिजे की माझे मन अजिबात खात नव्हते. उलट, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बातमीने कोणाचे तरी भले झाले, असे मला वाटत होते, आणि दोन-तीन मित्रांना मी ते ऐकवलेही.

सर्कलसाहेब बदलून गेले. नंतरच्या वर्षी नवा तलाठी फिरत फिरत पाड्यावर पोचला आणि चकित झाला. लखमीबायने त्याला प्लास्टिकमध्ये बसवलेले कात्रण दाखवले. तलाठ्याने ते वाचले, घरांकडे बघितले, पुन्हा वाचले.

‘‘पाडा तर गेलाय मावशी. मग तुम्ही कोण?’’

‘‘आमी पावने,’’ ती म्हणाली. ‘‘जुनी जागा बघाया आलोय.’’

तलाठ्याने चहा घेतला. अहवाल दिला नाही, कारण अहवाल द्यायचा तर आधीचा अहवाल खोटा होता असे लिहावे लागले असते. पाहुण्यांचा मुक्काम असा तीन पावसाळे लांबला. दरम्यान मी निवृत्त झालो.

चौथ्या वर्षी खाडीकाठच्या त्या रस्त्याची आखणी बदलली, आणि त्याबरोबर सरकारचे मनही. खाडीकाठच्या वस्त्यांना तिथल्या तिथे, अर्ध्या किलोमीटरवरच्या उंचवट्यावर, स्वतःच्या नावाने जागा द्यायच्या असे ठरले. तिथे विहीर होती. बोईसरची वाट तीच. म्हणजे पाड्यावरची माणसे सुरुवातीपासून जे मागत होती तेच. याद्या तयार झाल्या. शेजारच्या दोन वस्त्यांची नावे आली. तिवरपाड्याचे एकही आले नाही. फायलीप्रमाणे तिवरपाडा चार वर्षांपूर्वी उठला होता; आज तिथे कोणी असेल तर ते नंतर घुसलेले, म्हणून अपात्र. त्याच फायलीच्या जोरावर रेशनकार्डांवरचे पत्तेही माळाचे झाले होते. हरकतींना पंधरा दिवस होते.

लखमीबाय पुन्हा घरी आली. या वेळी पिशवी नव्हती. तिला दम लागला होता, ती ओट्यावरच बसली.

‘‘भाऊ, तुमीच आमाला हलवलंत,’’ ती म्हणाली. ‘‘सरकारला नाय जमला ते तुमाला जमला. आता परत आना.’’

ती थट्टेनेच बोलत होती. मला पाणी मागितले आणि सगळे प्यायली.

सुनावणी नायब तहसीलदार बाईंसमोर होती. बाई तरुण होत्या आणि फाइल वाचून आल्या होत्या; दोन्ही गोष्टी मला अडचणीच्या गेल्या. मी लेखी निवेदन दिले की ती बातमी चुकीची होती. त्यांनी विचारले, चूक कधी कळली? मी सांगितले, दोन दिवसांनी. दुरुस्ती केव्हा छापली? छापली नाही. का?

माझ्या शेजारी लखमीबाय उभी होती. तिने तोंड उघडले, आमीच नको सांगितला, असे काहीतरी ती म्हणणार होती. मी तिला थांबवले आणि म्हणालो की तो निर्णय माझा होता.

‘‘तेव्हा तुम्ही लिहिलंत पाडा गेला, आणि आता म्हणता गेला नाही,’’ बाई शांतपणे म्हणाल्या. ‘‘दोन्ही वेळा यांच्या फायद्याचं आहे. मी तुमचं कोणतं खरं धरू?’’

सव्वीस वर्षांत मी पुष्कळ लोकांना असे प्रश्न विचारले होते. उत्तर सुचत नसताना माणूस छताकडे बघतो, असे माझे निरीक्षण होते. ते बरोबर आहे. त्या खोलीच्या छताला पंखा नव्हता, नुसता हूक होता.

बाईंनी मग मार्ग सांगितला. मी प्रत्यक्ष जागा बघेन, त्या म्हणाल्या, पण त्यातून आज तिथे कोण राहते एवढेच कळेल. ते कधी गेलेच नव्हते हे नाही कळणार. फायलीत पंचनामा नाही, पंचनाम्याच्या जागी तुमचे कात्रण आहे. ते ज्या दैनिकात आले त्याच दैनिकात ते चूक होते असे छापून आणा. कात्रणाला कात्रण लावते. नऊ दिवस आहेत.

दैनिकाच्या कचेरीत आता नाना नव्हते. जिल्ह्याच्या पानावर एक मुलगी होती, हुशार आणि कामात बुडालेली. चार वर्षांपूर्वीच्या बातमीचा खुलासा, हे तिला नीट समजेना. तक्रार कोणाची आहे, तिने विचारले. मी म्हणालो, माझीच. तिने संगणकावर बातमी काढली आणि फोटोकडे बघत राहिली. उघडे दार, आत काही नाही. इतका स्पष्ट फोटो असताना चूक कशी, असे तिने विचारले. मी तिला अमावास्या समजावली. ती हसली नाही; तिने वरच्यांना विचारले, त्यांनी वकिलांना विचारले, आणि सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत मी तिला रोज फोन करत होतो. निधनाची बातमी घेऊन येणाऱ्या मास्तरांशी आपण जरा बरे वागायला हवे होते, असे मला त्या दिवसांत वाटले.

मजकूर मीच लिहिला. आयुष्यात हजारो बातम्या लिहिल्या, पण त्या तीन ओळींना जितका वेळ लागला तितका कशालाच लागला नसेल. तिवरपाडा रिकामा झाल्याचे वृत्त चुकीचे होते. तेथील एक्केचाळीस कुटुंबे त्या दिवशी व त्यानंतरही तेथेच राहत होती. चुकीबद्दल दिलगीर आहोत.

सातव्या दिवशी ते छापून आले, पाचव्या पानाच्या तळाशी, पाणीकपातीच्या खाली. मी अंक घेऊन पाड्यावर गेलो. देवजीने वाचून दाखवले. लखमीबायने सवयीप्रमाणे दुसऱ्यांदा वाचायला सांगितले आणि डोळे मिटले. मग तिने कागद हातात घेतला, त्या मजकुरावर बोट ठेवले. मजकूर बोटाखाली जवळजवळ झाकला गेला.

‘‘एवढाच?’’

मी म्हणालो, खुलासा एवढाच असतो.

‘‘तवा आमी गेलो नवतो ते केवढं मोठं छापलंत, फोटो लावून. आता हितंच हाय ते एवढुसं.’’ ती रागावली नव्हती. तिला खरोखर कारण हवे होते. ‘‘राहनाऱ्याला जागा कमी लागतं का भाऊ?’’

धंद्यातले कारण मला माहीत होते. कोणी उठले तर ती घटना, कोणी राहिले तर ती घटना नाही.

बाईंनी कात्रणाला कात्रण लावले. त्या स्वतः पाड्यावर आल्या, घरोघर गेल्या, जुन्या चुलींची काजळी बघितली, लिहून घेतले. दुसऱ्या यादीत तिवरपाड्याची नावे आली. चाळीस.

एक्केचाळिसावे घर काळूचे होते, शेवटून दुसरे. पहिल्या यादीत नाव नाही म्हटल्यावर त्याने आशा सोडली आणि बायको-मुलांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर निघून गेला. बाई पाहणीला आल्या तेव्हा त्याच्या दाराला दोरी बांधलेली होती. देवजीने दोन भट्ट्या पालथ्या घातल्या, तो तिथून पुढे गेलेला होता. बाई म्हणाल्या, जो जागेवर नाही त्याला मी जागेवर दाखवू शकत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या बातमीत मी नेमके तेच केले होते, फक्त उलट. खुलासा वेळेवर छापला असता तर जेसीबी आला असता, हे नानांचे म्हणणे आजही मला खोडता येत नाही. पण त्या हिशेबात काळू कुठे धरायचा, ते नानांनाही सांगता आले नाही. त्याची हरकत मी लिहून दिली आहे. ती अजून निकाली निघालेली नाही. मी दर महिन्याला कचेरीत जाऊन विचारतो, आणि मला बघून तिथला कारकून घड्याळ बघतो.

या वर्षी होळीनंतर चाळीस घरे उंचवट्यावर गेली. तारीख लोकांनीच ठरवली. दोन दिवस आधी देवजीचा फोन आला आणि मग लखमीबायने तो त्याच्याकडून घेतला. फोनवर ती नेहमीपेक्षा मोठ्याने बोलते.

‘‘भाऊ, रविवारी हलतोय. या. पन या खेपेला शेवटपर्यंत थांबा.’’

मी सकाळी आठला गेलो. टेम्पो नव्हता, पोलीस नव्हते. माणसे कुडाच्या भिंती आख्ख्याच्या आख्ख्या उचलून चढाने नेत होती, एका भिंतीला चौघे. लखमीबायने मला काम दिले नाही आणि बसायला खाट दिली. दुपारी पालघरहून फोन आला, कुठल्याशा कार्यक्रमाला बोलावणे होते, चारला. मी येणार नाही म्हणून सांगितले.

शेवटचा फेरा सव्वासहाला निघाला. देवजीच्या डोक्यावर लोखंडी कपाटाचे एक दार होते, दुसरे लखमीबायच्या नातीच्या हातात. त्यांच्या मागून मी चढ चढलो. वर पोचलो तेव्हा चाळीस घरांपैकी नऊंना भिंती लागल्या होत्या, बाकीची उघड्यावर होती, आणि धूर मात्र सगळीकडून निघत होता. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो आणि चुली मोजल्या. मग खाली वळून बघितले. पाड्याच्या जागी एकच घर उभे होते, दोरी बांधलेले. ते कोणी काढले नव्हते. लखमीबायने काढू दिले नव्हते.